दोन ठिकाणांची जैवविविधता कशी तोलावी?
देवास गेटचा चौक, सोयाबीनचे शेत आणि सैलान्याचे बीड

जमीन हेक्टरमध्ये मोजतात, पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, धान्य क्विंटलमध्ये मोजतात. ज्या वस्तूचे माप ठरलेले असते तिची नोंद सरकारी कागदावर होते आणि ज्या वस्तूची नोंद होते तिचे रक्षणही होऊ शकते. एखाद्या माळरानावरील सजीवांची समृद्धी मात्र पुष्कळदा कोणत्याही रकान्यात बसत नाही. त्यामुळे शेकडो प्रकारच्या गवतांना, कीटकांना व पक्ष्यांना आश्रय देणारे रान दप्तरात केवळ 'पडीक' या एका शब्दाने ओळखले जाते. अशा रानाचे मूल्य मोजता येते काय, दोन निरनिराळ्या अधिवासांची तुलना करता येते काय, आणि हे काम गावातील शिक्षक व विद्यार्थी करू शकतील काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका रस्त्यावरील तीन अधिवास

उदाहरणासाठी आपण माळव्यातील उज्जैन नगरी घेऊ. एके काळी शिंदे घराण्याची राजधानी असलेल्या या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. येथील देवास गेट म्हणजे शहराच्या अत्यंत गजबजलेल्या चौकांपैकी एक. बस-स्थानक, दुकाने, वाहनांची वर्दळ आणि मधून मधून एखादे झाड, असा हा अधिवास होय. शहराबाहेर पडताच काळ्या जमिनीवर दुतर्फा सोयाबीनची शेते लागतात. हा दुसरा अधिवास. पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर रतलाम आहे. तेथून पुढे सैलान्याच्या बाजूस गेले म्हणजे उंचसखल गवताळ राने दिसू लागतात. गवतासाठी राखून ठेवलेल्या अशा रानास माळव्यात 'बीड' म्हणतात. आपल्याकडील कुरण म्हणजे तेच. हा तिसरा अधिवास.

या तिन्ही ठिकाणी सजीव आहेत. चौकातही पारवे, कावळे, साळुंक्या, चिमण्या असतात. मग फरक कोणता? 'बिडात जास्त सजीव आहेत' असे मोघम उत्तर पुरेसे नाही. किती जास्त, कोणते वेगळे आणि त्यांच्या असण्याने काय साधते, हे तीन प्रश्न स्वतंत्र आहेत व त्यांची मापेही स्वतंत्र आहेत.

पहिले माप : जातींची संख्या आणि त्यांचे प्रमाण

सर्वांत सोपे माप म्हणजे जातींची संख्या. एका ठराविक क्षेत्रात वनस्पतींच्या किंवा पक्ष्यांच्या किती जाती आढळल्या, एवढेच येथे पाहावयाचे. परंतु या मापाचा दोष असा की, जितका अधिक शोध घ्यावा तितक्या अधिक जाती सापडत जातात. एका ठिकाणी दहा दिवस व दुसऱ्या ठिकाणी एक दिवस फिरून केलेली तुलना न्याय्य ठरणार नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी क्षेत्र, वेळ, ऋतू आणि पाहण्याची पद्धत समान असली पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. समजा, एका बिडात आपण १०० रोपे मोजली. त्यांत पाच जाती आढळल्या व प्रत्येकीची रोपे २० होती. दुसऱ्या एका जागी १०० रोपांत पाचच जाती आढळल्या, परंतु ८० रोपे एकट्या गाजर गवताची आणि उरलेल्या चार जातींची प्रत्येकी पाच होती. जातींची संख्या दोन्हीकडे पाचच; तरीही दोन्ही जागा सारख्या समृद्ध आहेत असे कोणी म्हणणार नाही.

हा फरक पकडण्यासाठी सिम्पसन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये एक सुबोध कल्पना मांडली. डोळे मिटून रानातून दोन रोपे उचलली तर ती भिन्न जातींची निघण्याची शक्यता किती? पहिल्या जागी ही शक्यता ०.८० येते, दुसऱ्या जागी केवळ ०.३५. रीत सोपी आहे. प्रत्येक जातीचा एकूण रोपांतील हिस्सा काढावा, त्याचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज करावी आणि ती एकातून वजा करावी. दुसऱ्या जागेसाठी ०.८ चा वर्ग ०.६४ आणि ०.०५ चा वर्ग ०.००२५, असे चार वर्ग मिळून ०.०१, बेरीज ०.६५, म्हणून उत्तर ०.३५. सातवी-आठवीचा विद्यार्थी हे गणित सहज करू शकेल.

याच बेरजेने एकास भागले म्हणजे 'प्रभावी जातींची संख्या' मिळते. पहिल्या जागी ती ५ आहे, तर दुसऱ्या जागी सुमारे १.५. म्हणजे पाच जातींची यादी असूनही दुसरी जागा व्यवहारात दीड जातीचीच आहे. दूरध्वनीच्या संदेशांचा अभ्यास करणाऱ्या शॅनन या अमेरिकी गणितज्ञाचे १९४८ चे सूत्रही याच कामासाठी वापरले जाते. त्यात विरळ जातींना थोडे अधिक वजन मिळते.

दुसरे माप : ठिकाणा-ठिकाणांतील फरक

येथपर्यंत आपण एका वेळी एकाच जागेचा विचार केला. परंतु प्रदेशाची खरी समृद्धी पुष्कळदा जागांमधील फरकात दडलेली असते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिटेकर याने १९६० मध्ये ओरेगॉन व कॅलिफोर्नियातील सिस्कियू पर्वतांच्या अभ्यासातून यासाठी तीन संज्ञा रूढ केल्या. एका जागेतील विविधता ती अल्फा, संपूर्ण प्रदेशाची विविधता ती गॅमा, आणि जागा बदलली असता जाती किती बदलतात हे सांगणारी ती बीटा.

समजा, बिडात वनस्पतींच्या १२ जाती आढळल्या, शेताच्या बांधावर ८ आढळल्या आणि त्यांपैकी ४ दोन्हीकडे होत्या. दोन्ही मिळून एकूण जाती १२ अधिक ८ वजा ४, म्हणजे १६. एका जागेची सरासरी १०. सोळास दहाने भागले असता १.६ ही बीटा विविधता मिळते. दोन्ही जागा सर्वस्वी सारख्या असत्या तर हा अंक १ आला असता. एकही जात समान नसती आणि दोन्हीकडील जातींची संख्या सारखी असती तर २ आला असता. साम्य मोजावयाचे असेल तर डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन्सेन याची १९४८ ची रीत वापरावी. समान जातींची दुप्पट करून तिला दोन्ही याद्यांच्या बेरजेने भागावे. येथे ८ भागिले २०, म्हणजे ०.४. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ जाकार याची त्याहून जुनी रीत समान जातींना एकूण जातींनी भागते. येथे ४ भागिले १६, म्हणजे ०.२५.

मात्र फरक दोन प्रकारचा असतो, हे विसरून चालणार नाही. एका प्रकारात या जागेच्या जाती जाऊन तेथे वेगळ्या जाती येतात. यास पालट म्हणावे. दुसऱ्या प्रकारात एका जागेची यादी ही दुसऱ्या जागेच्या यादीचाच तुटका भाग असतो. यास अंतर्भाव म्हणावे. हे दोन भाग वेगळे काढण्याची रीत स्पेनमधील शास्त्रज्ञ बासेल्गा याने २०१० मध्ये दिली. प्रशासनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. बांधावरच्या आठही जाती बिडात असतील तर बीड राखणे पुरेसे होईल. परंतु बांधावर बिडात नसलेल्या जाती असतील तर दोन्ही जागा राखाव्या लागतील. एक राखून दुसरीची भरपाई होणार नाही.

संख्या वाढूनही समृद्धी घटते ती कशी?

बीटा विविधतेकडे दुर्लक्ष केल्यास केवढी फसगत होते, हे पुढील कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. तीन गावांच्या तीन माळांवर वनस्पतींच्या प्रत्येकी १० जाती आहेत आणि एकही जात दोन माळांवर समान नाही. प्रदेशाच्या एकूण जाती ३०. पुढे तिन्ही माळ नांगरले गेले, त्यांवर एकाच प्रकारची लागवड झाली, रस्त्याकडेची तीच ती तणे सगळीकडे पसरली आणि प्रत्येक माळावर त्याच १२ जाती दिसू लागल्या. प्रत्येक गाव आपल्या अहवालात 'जाती १० वरून १२ झाल्या' असे लिहील आणि ते खोटेही असणार नाही. तथापि प्रदेशाच्या जाती ३० वरून १२ वर आलेल्या असतील. बीटा विविधता ३ होती, ती १ झाली.

गवताळ रानात खड्डे खणून झाडे लावण्याचा उपक्रम कित्येकदा सद्हेतूने हाती घेतला जातो. झाडांची संख्या वाढते, हे खरे. परंतु सावलीत न टिकणारी गवते आणि मोकळ्या रानातच घरटी करणारे पक्षी तेथून नाहीसे होतात. वृक्षारोपण उजाड टेकडीवर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात अवश्य करावे. नैसर्गिक कुरणावर मात्र करू नये. कुरण म्हणजे वन होता होता राहिलेली जमीन नव्हे. तो एक स्वतंत्र व परिपूर्ण अधिवास आहे.

तिसरे माप : कोण काय काम करतो?

जातींची यादी म्हणजे गावाची मतदार-यादी. तिच्यावरून माणसे किती ते कळते. परंतु गावात सुतार आहे की नाही, वैदू आहे की नाही, हे कळत नाही. शंभर माणसांच्या गावात सर्वच जण एकच धंदा करीत असतील तर त्या गावाचे अडेल. सजीवांच्या समूहाचेही तसेच आहे. कोण कोणते अन्न खातो, कोठे राहतो, केव्हा फुलतो, मूळ किती खोल नेतो, या गुणांमधील वैविध्यास कार्यात्मक विविधता म्हणतात.

समजा, एका चौकात पारवा, होला, चिमणी व मुनिया हे चार पक्षी समान संख्येने आढळले. चौघेही मुख्यतः दाणे टिपणारे. बिडाच्या कडेला होला, वेडा राघू, कापशी घार व शिंजीर हे चार पक्षी समान संख्येने आढळले. होला दाणे टिपतो, वेडा राघू उडते कीटक पकडतो, कापशी घार उंदरांची शिकार करते आणि शिंजीर फुलातील मध पिता पिता परागांची ने-आण करतो. सिम्पसनचे माप दोन्ही जागांना ०.७५ हाच अंक देईल. व्यवहारातील महदंतर त्यास दिसणार नाही.

ही उणीव भरून काढणारे सूत्र एका भारतीय शास्त्रज्ञाने दिले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. कर्नाटकातील हडगली येथे १९२० मध्ये जन्मलेले आणि २०२३ मध्ये दिवंगत झालेले विख्यात संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेत दीर्घकाळ कार्य केले. मानवसमूहांमधील भेद मोजण्याच्या प्रश्नांचा त्यांनी प्रथमपासून अभ्यास केला होता. त्यांनी १९८२ मध्ये मांडलेले सूत्र पुढे जगभरच्या परिस्थितिविज्ञानात स्वीकारले गेले. त्याचा आशय असा : दोन सजीव उचलले असता ते भिन्न आहेत की नाहीत एवढेच पाहू नये, तर ते एकमेकांपासून गुणांनी किती दूर आहेत हेही पाहावे. हे अंतर शून्य ते एक या मोजपट्टीवर मांडावे आणि सर्व जोड्यांची सरासरी घ्यावी.

वरील उदाहरणात चौकातील कोणत्याही दोन जातींमधील अंतर ०.२ धरले तर रावांचे माप ०.७५ गुणिले ०.२, म्हणजे ०.१५ येते. बिडाकडील पक्ष्यांतील अंतर ०.८ धरले तर ते ०.६० येते, म्हणजे चौपट. जातींची संख्या तीच, प्रमाणही तेच. परंतु कामांची विविधता चौपट. सर्व अंतरे एक धरली की रावांचे सूत्र सिम्पसनच्या सूत्राशी एकरूप होते.

याच्या उलट स्थितीही असू शकते. मध्य भारताच्या पठारावरील चढाच्या, निचऱ्याच्या जमिनीत पवना हे गवत भरघोस वाढते, तर सपाट व खोल जमिनीत मारवेल वाढते. जातींची यादी पाहिली तर दोन जागांत फरक दिसतो. काम पाहिले तर दोन्ही बहुवर्षायू, माती धरून ठेवणारी व गुरांना आवडणारी उत्तम गवते आहेत. म्हणजे जातींचा पालट झाला, पण कार्य टिकून राहिले. मात्र अतिचराईने ही दोन्ही गवते हटून त्यांच्या जागी कुसळी व पुढे हलकी वर्षायू गवते आली, तर जातीबरोबर कार्यही बदलते. गुरांचा चारा घटतो आणि माती उघडी पडते. म्हणून जातींमधील फरक आणि कार्यामधील फरक ही दोन्ही मापे शेजारी शेजारी मांडूनच निष्कर्ष काढावा.

ही विविधता संकटकाळी उपयोगी पडते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे गवताळ जमिनीच्या २०७ तुकड्यांवर टिलमन या शास्त्रज्ञाचा अभ्यास चालू असताना १९८७-८८ मध्ये तीव्र दुष्काळ पडला. ज्या तुकड्यांत वनस्पतींच्या जाती अधिक होत्या, त्यांचे उत्पादन दुष्काळात तुलनेने कमी घटले आणि पुढे लवकर सावरले, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. मराठवाड्यातील व माळव्यातील शेतकऱ्यास या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

सैलान्याच्या बिडाची कसोटी

भारतातील गवताळ प्रदेशांचे सर्वेक्षण करून दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये त्यांचे पाच प्रमुख प्रकार सांगितले. द्वीपकल्पाचा व मध्य भारताचा मोठा भाग पवना-मारवेल या प्रकारात येतो. सैलान्याचे बीड आणि महाराष्ट्रातील पुष्कळशी माळराने ही अशी एकाच कुळातील भावंडे होत.

या बिडांत पावसाळ्यात खरमोर हा पक्षी वीण करावयास येतो. मराठीत त्यास तणमोर म्हणतात. माळढोकाचा हा लहान भाऊबंद. नर आपले अस्तित्व मादीस कळावे म्हणून गवताच्या वर पुनःपुन्हा उड्या घेतो. गवत फार खुरटे असेल तर आसरा मिळत नाही. फार दाट व उंच असेल तर उडी दिसत नाही. म्हणजे मध्यम उंचीचे गवत, किडामुंगीचा मुबलक चारा आणि पावसाळाभर अबाधित शांतता, एवढे सारे एकत्र असले तरच हा पक्षी टिकतो. त्याच्या रक्षणासाठी रतलाम जिल्ह्यात सैलाना व धार जिल्ह्यात सरदारपूर येथे १९८३ मध्ये अभयारण्ये घोषित झाली. तरीही देशातील त्याची संख्या घटतच गेली आणि २०२१ मध्ये त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आली.

कारणांचा विचार करताना शेतकऱ्यास दोष देणे उचित होणार नाही. पूर्वी माळव्यातील काळी जमीन पावसाळ्यात बहुधा पड ठेवून रब्बीत गहू-हरभरा घेत. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांपासून सोयाबीन आले आणि खरिपात रिकाम्या राहणाऱ्या जमिनीतून रोख पैसा मिळू लागला. कुटुंबाची स्थिती सुधारली. मुले शाळेत गेली. त्याच वेळी नेमक्या विणीच्या हंगामात मोकळ्या राहणाऱ्या जमिनी नांगराखाली आल्या व बिडेही आक्रसली. अभयारण्याच्या हद्दीत खाजगी जमीन असली तर तिच्या खरेदी-विक्रीवर येणाऱ्या बंधनांमुळे शेतकऱ्यांत नाराजी उत्पन्न होते, हे सरदारपूरच्या अनुभवाने दाखविले आहे. पक्षी आणि शेतकरी यांना परस्परांचे प्रतिपक्षी करून कोणाचेच हित होत नाही.

येथेच मोजमापाचे महत्त्व लक्षात येते. शेते, बांध, नाल्याकाठ आणि बीड या सर्वांची एकाच पद्धतीने मोजणी झाली तर कोणत्या जागेत इतरत्र नसलेल्या जाती आहेत, कोणती जागा दुसरीच्या यादीत सामावलेली आहे आणि कोणती जागा असे काम करते की जे दुसरी कोणतीच जागा करीत नाही, हे निश्चित सांगता येते. मग सरसकट बंदी घालण्याची गरज उरत नाही. नेमकी जी जागा राखणे अपरिहार्य आहे तेवढी राखता येते आणि तेथील शेतकऱ्यास मोबदला द्यावयाचा तर तो कशाबद्दल, हेही ठरविता येते.

गावात मोजणी कशी करावी?

या कामास महागडी उपकरणे लागत नाहीत. चार काठ्या व सुतळी घेऊन एक मीटर लांब-रुंद चौकट तयार करावी. गावच्या शिवारातील तीन-चार अधिवास निवडावेत : कुरण, बांध, नाल्याकाठ, गावठाण. प्रत्येक ठिकाणी किमान वीस चौकटी घालाव्यात. चौकट कोठे घालावयाची ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चांगले गवत पाहून ती घातल्यास मोजणी निरर्थक होईल. प्रत्येक चौकटीतील जाती व त्यांची रोपे मोजून लिहावीत. नाव माहीत नसल्यास गावातील नाव लिहावे. तेही नसल्यास 'अनोळखी १', 'अनोळखी २' असे लिहून एखादी डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी. नव्या चौकटीत नवी जात मिळेनाशी झाली म्हणजे मोजणी पुरेशी झाली असे समजावे.

दुसऱ्या वहीत प्रत्येक जातीचे गुण नोंदवावेत : वर्षायू की बहुवर्षायू, उंची, फुलण्याचा काळ, फुलावर येणारे कीटक, शेंगवर्गीय आहे काय, गुरे खातात काय. पक्ष्यांबाबत अन्न, अन्न शोधण्याची जागा व घरट्याची जागा एवढे पुरे. या कामी गुराखी, मेंढपाळ व वैदू यांच्याएवढा जाणकार गुरू दुसरा नाही. मोजणी एकदा श्रावण-भाद्रपदात आणि एकदा हिवाळ्यात करावी. मुलांबरोबर मोठी माणसे असावीत, पायांत जोडे असावेत आणि विणीच्या हंगामात घरट्याजवळ कोणी जाऊ नये.

या नोंदींना कायद्यातही स्थान आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. महाराष्ट्राचे जैवविविधता मंडळ नागपूर येथे आणि मध्य प्रदेशाचे भोपाळ येथे आहे. नोंदवहीत नुसती नावांची यादी न देता प्रत्येक अधिवासाची स्वतंत्र यादी, जातींचे प्रमाण आणि त्यांची कामे लिहिली तर ती खऱ्या अर्थाने गावाच्या संपत्तीचे दप्तर होईल. तलाठ्याने, वनरक्षकाने व ग्रामसेवकाने ती एकदा वाचली तर 'पडीक' हा शब्द लिहिताना त्यांचा हात क्षणभर तरी थांबेल.

देवास गेटच्या चौकात, सोयाबीनच्या शेतात आणि सैलान्याच्या बिडात, तिन्हीकडे जीवन आहे व तिन्हींची आपल्याला गरज आहे. मात्र चौक नव्याने बांधता येतो, पीक दरवर्षी पेरता येते. शतकानुशतके जमून आलेले बीड एकदा मोडले म्हणजे ते पुन्हा उभे करणे अत्यंत दुष्कर असते. म्हणून ते मोडण्यापूर्वी मोजावे. शिक्षकांनी येत्या पावसाळ्यात आपल्या शाळेची एक चौकट माळावर न्यावी, ग्रामसभेने ती वही आपली मानावी आणि अधिकाऱ्यांनी निर्णय घेताना ती समोर ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे.